दीड पुरुष पाणी म्हणजे किती लिटर? बाव, टाकी, पिंप आणि कळशी मोजायची रीत

मे महिना लागला की आमच्या वाडीत सकाळचा पहिला प्रश्न असतो, "बावीत (म्हणजे विहिरीत) पाणी किती राहिलं?" उत्तरही ठरलेलं. "आहे अजून दीड पुरुष." पुरुष म्हणजे उभ्या माणसाची उंची, साधारण साडेपाच-सहा फूट. होडीवर जाणारे तीच खोली वावात सांगतात. दोन्ही हात पसरले की एक वाव. उत्तर खोटं नसतं, पण ते खोलीचं असतं, पाण्याचं नसतं. आठ फूट रुंद बावीतलं दीड पुरुष आणि पंधरा फूट रुंद बावीतलं दीड पुरुष यांत साडेतीन पटींचा फरक आहे.

दोन वर्षांपूर्वी टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर टाकायच्या दिवशी शेजारचे काका हातात वाटी घेऊन बावीवर उभे होते.

"किती टाकू रे?"

"पाणी किती आहे, काका?"

"सांगितलं ना तुला, दीड पुरुष."

वाटीभर पावडर पडली आणि पुढचे चार दिवस वाडीतल्या प्रत्येक घरच्या चहाला औषधाचा वास आला. नंतर तीच वाटी भरून काट्यावर ठेवली तर १३० ग्रॅम भरली. खरी गरज होती ती याच्या निम्म्याचीही नाही. तेव्हापासून मी आमच्याकडची प्रत्येक साठवण मोजून ठेवली आहे: बाव, चिऱ्याची टाकी, आगळाची (कोकमाच्या खारवलेल्या रसाची) पिंपं, आडवं पिंप, अगदी देवघरातली कळशीसुद्धा. गणित शाळेतलंच आहे. चुका होतात त्या गुणाकारात नाही, टेप धरण्यात होतात. म्हणून टेप कुठे धरायचा यावर मी जास्त लिहिणार आहे.

मोजायला बसण्याआधी

सेंटीमीटरच्या खुणा असलेला लांब टेप, एक सरळ काठी, सुतळी, गवंड्याचा ओळंबा आणि खडू एवढं पुरतं. बांबूची हलकी काठी पाण्यात तरंगते आणि तिरकी होते. तिरकी काठी नेहमी जास्त खोली दाखवते, तेव्हा तिच्या खालच्या टोकाला दगड बांधा. पाण्यासाठी किंवा डिझेलसाठी काठीवर कोरडा खडू घासून घेतला की भिजलेली रेघ स्पष्ट दिसते. आगळ, दूध, तेल अशा खायच्या वस्तूत खडू अजिबात नको. तिथे स्टीलची स्वच्छ पट्टी घ्यावी आणि बाहेर काढताक्षणी ओली रेघ वाचावी.

आता एक युक्ती, जिच्यामुळे पुढचा सगळा हिशेब सोपा होतो. मापं सेंटीमीटरमध्ये घ्या आणि प्रत्येक आकड्याला दहाने भागा. १२० सेंमीचे १२, ८५ चे ८.५. हे झालं दशमीटर, म्हणजे शाळेतलं डेसिमीटर. एक दशमीटर लांब, रुंद आणि उंच अशा डब्यात बरोबर एक लिटर मावतो. त्यामुळे दशमीटरमध्ये गुणाकार केला की उत्तर थेट लिटरमध्ये येतं आणि शून्यं मोजत बसावं लागत नाही.

गवंडी फुटांत बोलतो, त्याच्यासाठी वेगळा आकडा: एक घनफूट म्हणजे २८.३२ लिटर. वाळूचा किंवा खडीचा एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, पाण्यात सांगायचं तर सुमारे २८३२ लिटर. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, चार फूट खोल टाकी बांधून देतो असं तो म्हणाला, तर ८ × ५ × ४ = १६० घनफूट, म्हणजे जवळपास ४५३० लिटर. मात्र ही मापं आतली की चिऱ्याच्या बाहेरची हे तिथेच विचारून घ्या. चिऱ्याची भिंत आणि आतला गिलावा दोन्ही बाजूंनी जागा खातात. बाहेरची मापं धरली, तर नसलेलं पाणी कागदावर दिसतं.

चौकोनी टाकी

आतली लांबी × आतली रुंदी × पाण्याची खोली. आमच्या टाकीत लांबी २४, रुंदी १५ आणि पाणी ११ दशमीटर. २४ × १५ × ११ = ३९६० लिटर. टाकीची उंची या हिशेबात येतच नाही, फक्त पाण्याची खोली येते.

टाकी धुता यावी म्हणून तळाला एका कोपऱ्याकडे उतार दिलेला असतो. अशा वेळी चारही कोपऱ्यांत खोली मोजा, बेरीज करा, चारने भागा. एकाच कोपऱ्यात, तेही सहसा झाकणाखालच्या सोयीच्या कोपऱ्यात, काठी घातली तर दर वेळी एकाच बाजूला चूक होत राहते. आत खांब किंवा पायरी असेल तर तिचं घनफळ वजा करायला विसरू नका.

छपरी टाकी म्हणून जी प्लास्टिकची गोल टाकी बसवतो, तिच्यावर १००० लिटर छापलेलं असलं तरी तेवढं पाणी नळाला येत नाही. वर ओव्हरफ्लोची नळी काठाच्या खाली असते आणि खाली बाहेर जाणारी तोटी तळापासून थोडी वर. आतला व्यास ११० सेंमी असेल, तर दर सेंटीमीटरला साडेनऊ लिटर पाणी बसतं. तोटी आठ सेंमी वर असली की ७६ लिटर कायमचे तळाशी राहिले.

पागोळ्यांचं पाणी टाकीत घेणाऱ्यांसाठी इथेच सांगून टाकतो: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. छपराखाली जमीन ६० चौरस मीटर झाकली जात असेल आणि ४० मिमी पाऊस झाला, तर २४०० लिटर. कौलांचा उतार मोजायचा नाही, खालची जमीन मोजायची.

बाव

गोल वस्तूचा नियम एकच: ०.७८५४ × व्यास × व्यास × द्रवाची खोली. ०.७८५४ म्हणजे ३.१४१६ चा चौथा भाग. त्रिज्येचं सूत्र शाळेत पाठ केलेलं असतं, पण बावीच्या मध्यावर उभं राहून त्रिज्या कोणी मोजू शकत नाही. म्हणून व्यासाचंच सूत्र लक्षात ठेवा.

व्यास या सूत्रात दोनदा येतो. खोलीत पाच टक्के चूक झाली तर उत्तर पाच टक्के चुकतं, व्यासात पाच टक्के चूक झाली तर उत्तर दहा टक्के चुकतं. तरीही आपण खोली तीन-तीनदा मोजतो आणि रुंदी मात्र "असेल बारा फूट" म्हणून सोडून देतो.

व्यास घ्यायला दोन माणसं लागतात. एकाने टेपचं शून्य कठड्याच्या आतल्या कडेला दाबून धरायचं आणि जागचं हलायचं नाही. दुसऱ्याने समोर जाऊन टेप ताणायचा आणि कडेकडेने हळूहळू सरकायचं. आकडा वाढत जातो, ३५४, ३५७, ३५९, ३६०, आणि मग परत ३५८ कडे उतरू लागतो. सगळ्यांत मोठा आकडा तोच व्यास. मग पहिल्या माणसाने पाव वर्तुळ सरकून उभं राहायचं आणि पुन्हा मोजायचं. दोन्ही आकडे जवळचे आले तर सरासरी धरा. एक ३६० आणि दुसरा ३२० आला तर बाव लंबगोल आहे. मग व्यास × व्यास न करता हे दोन आकडेच एकमेकांना गुणा. एका माणसाचा हात सतत कठड्यावर असू दे, आणि मुलांना लांब ठेवा.

हा झाला कठड्याचा व्यास. पाणी मात्र सहा-सात मीटर खाली असतं. आमच्याकडच्या बावी वर चिऱ्यांनी बांधलेल्या आणि खाली जांभ्यात खोदलेल्या, त्यामुळे वरची रुंदी खाली टिकेलच असं नाही. कठड्याच्या आतल्या कडेवरून ओळंबा पाण्यापर्यंत सोडा आणि वरून बघा: दोरी भिंतीला टेकते, की भिंत दोरीपासून लांब गेली आहे? चार बाजूंनी हे केलं की खालचा व्यास किती वाढवायचा वा कमी करायचा ते कळतं.

आता खोली. कठड्यावर एक पक्की खूण करा, मी रहाटाच्या खांबाशेजारी खिळा ठोकला आहे. दगड बांधलेली सुतळी तिथून तळाला टेकेपर्यंत सोडा. दगड टेकला की सुतळी सैल पडते. ती ताठ करून खिळ्यापाशी गाठ मारा. वर काढून कोरड्या भागाची आणि ओल्या भागाची लांबी टेपने मोजा. आमच्याकडे खिळ्यापासून तळ ९.४ मीटर, पाणी ६.९ मीटरवर, म्हणजे पाण्याची खोली अडीच मीटर.

सरळ धरलं तर ०.७८५४ × ३६ × ३६ × २५ = २५,४४७ लिटर. पण आमच्या बावीत खालचा एक मीटर अरुंद आहे, तळ खोदताना कातळ लागला तिथे व्यास ३ मीटरवर आला. म्हणून दोन तुकडे करावे लागतात:

खालचा तुकडा: ०.७८५४ × ३० × ३० × १० = ७,०६९ लिटर.
वरचा तुकडा: ०.७८५४ × ३६ × ३६ × १५ = १५,२६८ लिटर.
एकूण २२,३३७ लिटर.

एका अरुंद मीटरने तीन हजार लिटर कमी केले. गावातल्या जुन्या माणसाला विचारा, बाव खणताना कातळ कुठे लागला ते त्याला आठवत असतं, आणि मे अखेरीस पाणी खाली गेलं की डोळ्यांनीही दिसतं.

ज्या बावीचा आकार कशातच बसत नाही, तिच्यासाठी पंपाची रीत आहे. आधी पंपाचा वेग काढा. २० लिटरची बादली १६ सेकंदांत भरली तर सेकंदाला सव्वा लिटर, मिनिटाला ७५ लिटर. मग पंप वीस मिनिटं चालवा, म्हणजे १५०० लिटर उपसले. खिळ्यापासून पाणी किती उतरलं ते मोजा. ३.६ मीटर व्यासाच्या बावीत दर सेंटीमीटरला सुमारे १०२ लिटर असतात, तेव्हा पातळी पंधरा सेंमीच्या आसपास उतरायला हवी. बाराच उतरली तर त्या पातळीवर बाव तुम्ही समजता त्याहून रुंद आहे, नाहीतर झरा जोरात आहे. कोणतं खरं ते पंप बंद करून लगेच कळतं: वीस मिनिटांत पाणी किती वर चढलं ते बघा.

आता पावडर. चांगल्या प्रतीच्या टीसीएलचं, म्हणजे साधारण ३३ टक्के क्लोरीन असलेल्या पावडरीचं, प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम धरतात. २२,३३७ लिटरला ५६ ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर जास्त लागते, आणि पुडा उघडा राहिला असेल तर आपल्या दमट हवेत पावडरीचा जोर लवकर उतरतो. म्हणून मात्रा पक्की करताना ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा, पण पाण्याचा आकडा त्याला तुम्ही द्या. पावडर थेट बावीत ओतायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात लगदा करायचा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळायचं आणि पाच-दहा मिनिटं ठेवायचं. खाली चुना बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली दोरीने पाण्याखाली सोडायची आणि वरखाली हलवायची. चुना बावीत टाकू नका. तासभर कोणी पाणी भरायचं नाही, आणि तासानंतर पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते तपासून घ्यायचं.

आणि पुरेल किती दिवस? जल जीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला ५५ लिटर धरले आहेत. वाडीत तीस माणसं, म्हणजे रोज १६५० लिटर. तळाचं फूटभर पाणी पंपाला गढूळ येतं, ते साधारण २१२० लिटर सोडून द्या. उरलेलं पाणी बारा दिवसांचं. झऱ्याचं येईल ते वर.

उभं पिंप आणि आगळ

रातांब्यांच्या दिवसांत आमच्या पडवीत आगळाची पिंपं रांगेने उभी असतात. पहिल्या वर्षी मी व्यापाऱ्याला दोन पिंपांत ४३० लिटर आगळ आहे असं सांगितलं. भरताना ४०१ लिटरच निघालं. त्या माणसाचे कॅन रिकामे परत गेले आणि मला फार वाईट वाटलं, कारण त्याने माझ्या शब्दावर पुढे माल सांगितला होता. चूक कुठे झाली ते रात्री शोधलं. मी टेप झाकणाच्या रिंगेवरून धरला होता, ५८ सेंमी. आतला व्यास ५६ होता. दोन सेंटीमीटरने पिंपामागे चौदा-पंधरा लिटर खाल्ले.

तोंड उघडं असेल तर आतून मोजा. तोंड लहान असेल तर पिंपाच्या अंगाला, रिंगेवर नव्हे, सुतळी गुंडाळून परीघ घ्या, ३.१४१६ ने भागा आणि दोन्ही बाजूंच्या पत्र्याची किंवा प्लास्टिकची जाडी वजा करा.

५६ सेंमी व्यासाच्या पिंपात: ०.७८५४ × ५.६ × ५.६ = २४.६३. हे दर दशमीटरला झाले, म्हणजे दर सेंटीमीटरला जवळपास अडीच लिटर. हा आकडा मी पिंपावर रंगाने लिहून ठेवला आहे. आता पट्टी बुडवली, ६२ सेंमी आलं, ६२ × २.४६ = १५२.५ लिटर, संपलं. उभ्या आणि सरळ भिंतीच्या प्रत्येक भांड्याला असा एक स्वतःचा आकडा असतो आणि तो एकदाच काढावा लागतो. तळाशी बसलेला साका मात्र वेगळा मोजा. पट्टी तळाला टेकवली की साकाही आगळात मोजला जातो आणि पिळून गाळल्यावर माल कमी भरतो.

आडवं पिंप, आडवी टाकी, टँकर

लोक सगळ्यांत जास्त फसतात ते इथे. गोल टाकी आडवी ठेवली की तिची रुंदी तळापासून मध्यापर्यंत वाढते आणि पुढे कमी होते. निम्म्या खोलीला निम्मं पाणी हे खरं आहे, पण पाव खोलीला पाव पाणी नसतं, साडेएकोणीस टक्केच असतं. बंदरावरच्या डिझेल पंपाखाली जमिनीत अशाच आडव्या टाक्या पुरलेल्या असतात. म्हणून तिथला माणूस डिप रॉड घालून थेट लिटर सांगत नाही, आधी तक्त्यात बघतो.

तो तक्ता कुठल्याही आडव्या गोल टाकीला लागू करायचा असेल तर टक्क्यांत ठेवायचा. डावीकडे खोली व्यासाच्या किती टक्के, उजवीकडे टाकी किती टक्के भरली:

- ५ → १.९
- १० → ५.२
- २० → १४.२
- ३० → २५.२
- ४० → ३७.४
- ५० → ५०
- ६० → ६२.६
- ७० → ७४.८
- ८० → ८५.८
- ९० → ९४.८

समजा आडवी टाकी आतून ८० सेंमी व्यासाची आणि १५० सेंमी लांब. पूर्ण भरली तर ०.७८५४ × ८ × ८ × १५ = ७५४ लिटर. काठी २४ सेंमी भिजली. २४ म्हणजे ८० च्या तीस टक्के. तक्ता सांगतो २५.२, म्हणजे १९० लिटर. नुसत्या अंदाजाने कोणी तीस टक्के धरले असते तर २२६ लिटर झाले असते. छत्तीस लिटर डिझेल आहे असं समजून माणूस समुद्रात निघाला, तर पुढे काय होऊ शकतं ते किनाऱ्यावर राहणाऱ्याला सांगायला नको.

काठी ३० सेंमी भिजली तर ३७.५ टक्के होतात. तक्त्यात ३० आणि ४० आहेत, मधला आकडा काढायचा. २५.२ पासून ३७.४ पर्यंत १२.२ ची उडी, तिचा पाऊण हिस्सा ९.१५, म्हणजे सुमारे ३४.३ टक्के, २५९ लिटर. नेमकं सूत्रच हवं असेल तर हे घ्या, त्रि ही त्रिज्या, ख ही खोली, कोन रेडियनमध्ये:

लांबी × [ त्रि² × कॉस⁻¹((त्रि − ख) ÷ त्रि) − (त्रि − ख) × √(२ × त्रि × ख − ख²) ]

मोबाइलच्या स्प्रेडशीटमध्ये एकदा भरून ठेवलं की पुन्हा डोकं लावावं लागत नाही. रोजच्या कामाला तक्ता भरपूर झाला.

टँकर बहुधा लंबगोल असतो. इथे एक फार सोयीची गोष्ट आहे: लंबगोलालाही हाच तक्ता चालतो, फक्त टक्के उभ्या उंचीचे काढायचे. वर्तुळ आडवं ताणलं तरी प्रत्येक थर सारख्याच पटीने रुंदावतो, म्हणून हिस्से बदलत नाहीत. आतली रुंदी १८०, उंची १२०, लांबी ३०० सेंमी असेल तर पूर्ण टँकर ०.७८५४ × १८ × १२ × ३० = ५०८९ लिटर. पाणी ९६ सेंमीपर्यंत, म्हणजे ८० टक्के उंचीला. तक्त्यातले ८५.८ टक्के धरले तर ४३६६ लिटर. टँकर रस्त्याच्या उतारावर उभा असेल तर हे सगळं व्यर्थ. आधी सपाटीवर घ्यायला सांगा.

होडीवरच्या टाक्या पुष्कळदा चौकोनी असतात आणि होडी कधी सरळ नसते. धक्क्याला लागल्यावर, लाट नसताना, टाकीच्या दोन्ही टोकांना खोली घ्या आणि सरासरी काढा. एकाच टोकाला तोंड असेल तर होडी सरळ बसल्याखेरीज त्या आकड्यावर विसंबू नका.

बादली, पातेलं, कळशी

वर रुंद आणि खाली अरुंद अशा बादलीला दहावीत शंकूछेद म्हणतात. सूत्र: ०.२६१८ × खोली × (वरचा व्यास² + खालचा व्यास² + दोन्ही व्यासांचा गुणाकार). वरचा व्यास बादलीच्या काठाचा नाही, द्रव जिथे संपतो तिथला. पाण्याच्या पातळीला ३० सेंमी, तळाला २२, खोली २६: ०.२६१८ × २.६ × (९ + ४.८४ + ६.६) = १३.९ लिटर. सूत्र आठवत नसेल तर दोन्ही व्यासांची सरासरी २६ धरून साधं गोल भांडं समजा, १३.८ येतात. बादलीसाठी हा फरक सोडून द्यावा.

हंडा, कळशी, घागर यांना मी सूत्र लावत नाही. पोट फुगलेलं, गळा आवळलेला, तळ वाटोळा. इथे मापाने भरणं हीच खरी रीत. वैध मापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेलं एक लिटरचं माप घ्या आणि मोजत ओता. आमच्या तांब्याच्या कळशीत पहिला लिटर पडला की पट्टी पाच बोटं भिजते, पोटाशी आलं की दोन बोटंही भिजत नाहीत, आणि गळ्यात शिरल्यावर पाणी एकदम वर धावतं. ते बघताना कळतं की अशा भांड्यात "अर्धी भरली" या शब्दांना काही अर्थ नाही.

वजनानेही घनफळ काढता येतं, विशेषतः तेलाचं. रिकाम्या डब्याचं वजन वजा करा आणि उरलेले किलो घनतेने भागा. खोबरेल साधारण ०.९२ धरा, म्हणजे १५ किलोच्या डब्यात १६.३ लिटर. समुद्राचं पाणी १.०२५, दूध १.०३ च्या आसपास. आगळात मीठ किती घातलं यावर त्याची घनता बदलते, तेव्हा छापील आकडा शोधू नका. आपल्याच पिंपातलं एक लिटर मापून तोला. ते एक किलोहून जास्त भरतं, म्हणून किलोने विकणाऱ्याचा आणि लिटरने घेणाऱ्याचा हिशेब कधी जुळत नाही.

आत उतरू नका

मोजण्यासाठी बंद टाकीत किंवा बावीत उतरायचं नाही. बंद टाकीत हवा खराब झालेली असू शकते, आणि बावीत इंजिनाचा पंप चालवला असेल तर धूर खाली साचतो. वरून माणूस धडधाकट दिसतो आणि क्षणात बेशुद्ध पडतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. या लेखातली प्रत्येक मोजणी वरून होते. डिझेलच्या टाकीजवळ लाकडी किंवा पितळी काठी वापरा आणि आत बघायला काडी पेटवू नका.

काठीवर खुणा

एकदा हिशेब झाला की तो कागदावर ठेवू नका, काठीवर उतरवा. आडव्या टाकीसाठी मी असं केलं: ५०, १००, १५० अशा प्रत्येक लिटरला किती सेंमी खोली येते ते तक्त्यावरून काढलं, काठीवर पेन्सिलने रेघा मारल्या आणि तापलेल्या खिळ्याने डागून घेतल्या. खुणा सारख्या अंतरावर येत नाहीत. टोकांकडे लांब लांब आणि मध्यावर जवळ जवळ, कारण तिथे टाकी सगळ्यांत रुंद. काठी कोणत्या टाकीची ते तिच्यावर लिहा. आमच्या दोन काठ्या एकदा अदलाबदल झाल्या आणि आठवडाभर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

बावीच्या सुतळीला हाच न्याय, पण तिथे तळ दरवर्षी बदलतो. पावसात माती उतरते, गाळ साचतो, दगड लवकर टेकतो. म्हणून मी खिळ्यापासून तळापर्यंतचं माप वर्षातून एकदा, गाळ काढल्यावर लगेच, नव्याने घेतो आणि रहाटाच्या खांबावर तारखेसह लिहितो. यंदाचं माप ९.४ मीटर. गेल्या वर्षी गाळ काढण्याआधी ते ९.१ होतं.